कुंपण, शेत आणि ग्राफिक्स कार्ड : अँटिव्हायरसच्या एका जुन्या वादाचा इतिहास

१/
संगणकावर काहीही चालू नाही. खेळ बंद, चित्रफीत बंद, पडद्यावर केवळ रिकामा डेस्कटॉप. तरीही पंखा घोंघावतो आहे आणि लॅपटॉपची पाठ तापली आहे. टास्क मॅनेजर उघडून पाहावे, तर ग्राफिक्स कार्डाच्या रकान्यात सर्वांत वर नाव दिसते ते अँटिव्हायरसचे. राखणीला ठेवलेला गडीच रात्री कणगीपाशी सापडावा, तसा हा प्रकार. हा दोष म्हणायचा, लबाडी म्हणायची की नुसता गैरसमज? या प्रश्नामागे सुमारे चाळीस वर्षांचा इतिहास उभा आहे. #थ्रेड #इतिहास

२/
या धाग्याचे म्हणणे आरंभीच मांडलेले बरे. अँटिव्हायरसने ग्राफिक्स कार्ड वापरणे हा अपराध नव्हे. कधीकधी तेच शहाणपणाचे असते. अपराध आहे तो मालकाला न सांगता वापरण्याचा, आणि सांगितले तरी हिशेब न देण्याचा. दुसरे म्हणणे असे की, या बिघाडाचे निदान करणारा मनुष्य नकळत इतिहासकाराचेच काम करीत असतो. त्याच्यापुढे साधने असतात, साक्षी असतात, खोटे कागदही असतात. म्हणून हा विषय इतिहासाच्या वाचकांपुढे येणे अप्रस्तुत नाही.

३/
आरंभ १९८६ मधला, लाहोरमधला. बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंनी ‘ब्रेन’ नावाचा विषाणू लिहिला. आयबीएम पीसीवर पसरलेला हा पहिला विषाणू मानला जातो. गंमत अशी की, त्यात त्यांनी स्वतःची नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातला होता. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रतींना आळा घालावा, हा हेतू होता, असे त्यांनी पुढे सांगितले. म्हणजे पीसीवरचा पहिला विषाणूच मुळी राखणदाराच्या वेषात जन्मला. या इतिहासात राखणदार आणि चोर यांच्यातील सीमारेषा पहिल्या दिवसापासून पुसट आहे.

४/
त्याआधी, नोव्हेंबर १९८३ मध्ये, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने स्वतःची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमचे प्रात्यक्षिक दाखवले होते. ‘व्हायरस’ हे नाव सुचवले त्याचे मार्गदर्शक लेनर्ड ॲडलमन यांनी. पुढे कोहेनने गणिताने असे सिद्ध केले की, सर्व विषाणू अचूक ओळखणारा प्रोग्रॅम कधीही लिहिता येणार नाही. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. कारण ज्या कामाला शेवट नाही, त्या कामासाठी लागणाऱ्या यंत्रशक्तीलाही सीमा उरत नाही. पहारा जितका कडक, तितकी पहारेकऱ्याची भूक मोठी.

५/
१९८७ मध्ये जॉन मॅकॅफी यांनी कंपनी काढली. १९९० मध्ये पीटर नॉर्टन यांचा व्यवसाय सिमँटेकने घेतला आणि पुढच्याच वर्षी नॉर्टन अँटिव्हायरस बाजारात आला. महाराष्ट्राचाही या कथेत वाटा आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात पुण्यात ‘क्विक हील’ उभे केले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांच्या तक्रारीतूनच या उत्पादनाची गरज त्यांना दिसली. बिघाडाकडे लक्षपूर्वक पाहणाऱ्याला त्यात उद्योगही दिसतो, याचे हे जवळचे उदाहरण.

६/
या उद्योगाने भीतीचे मोल फार लवकर ओळखले. ६ मार्च १९९२ हा ‘मायकेलअँजेलो’ विषाणूचा नियोजित दिवस. पन्नास लाखांपर्यंत संगणक बाधित होतील, असे भाकीत वर्तमानपत्रांत गाजले. प्रत्यक्षात नुकसान झालेल्या यंत्रांची संख्या काही हजारांच्या घरात राहिली. भाकीत फसले, परंतु विक्री झाली. धोका खरा होता, आकडा फुगलेला होता. अँटिव्हायरसविषयी आजही अनेकांच्या मनात जो अर्धा विश्वास आणि अर्धा संशय आढळतो, त्याची मुळे या मार्च महिन्यापर्यंत जातात.

७/
आता यंत्रशक्तीकडे वळावे. जुन्या अँटिव्हायरसचे मूळ काम साधे होते. प्रत्येक विषाणूची एक ओळखखूण, म्हणजे बाइट्सची विशिष्ट मालिका, जपून ठेवायची आणि प्रत्येक फाइलमध्ये ती शोधायची. हजारो खुणा एकाच फेरीत शोधण्याची उत्तम रीत आल्फ्रेड आहो आणि मार्गारेट कोरासिक यांनी १९७५ मध्येच प्रसिद्ध केली होती. तरीही खुणांची यादी वाढत गेली, डिस्क मोठ्या होत गेल्या आणि सारा भार प्रोसेसरवर पडू लागला. ‘अँटिव्हायरस टाकला की संगणक मंदावतो’ ही तक्रार त्या काळातली आहे आणि ती निराधार नव्हती.

८/
त्याच सुमारास संगणकात दुसरे एक बलाढ्य यंत्र येऊन बसले. १९९९ मध्ये एनव्हिडियाने ‘जीफोर्स २५६’ आणले आणि त्याला ‘जीपीयू’ म्हणून मिरवले. प्रोसेसर म्हणजे अवघड हिशेब करणारे मोजके कारकून. ग्राफिक्स चिप म्हणजे एकच सोपे काम एकाच वेळी करणारी मोठी पलटण. ही पलटण केवळ चित्रे रंगवण्यासाठी का राबवावी, असा प्रश्न संशोधकांना पडला. २००७ मध्ये ‘कुडा’ उपलब्ध झाल्यावर सामान्य गणनाही तिच्याकडून करून घेणे सुकर झाले.

९/
मग पुढचे पाऊल ओघानेच आले. एकच खूण लाखो ठिकाणी शोधणे हे पलटणीचेच काम नव्हे काय? डिसेंबर २००९ मध्ये कॅस्परस्की लॅबने आपल्या प्रयोगशाळेतील फाइलींची साम्यतुलना एनव्हिडियाच्या टेस्ला यंत्रांवर चालवल्याचे जाहीर केले. एका साध्या प्रोसेसरच्या तुलनेत हे काम ३६० पटींपर्यंत वेगाने होते, असा कंपनीचा दावा होता. लक्षात घ्यायचे ते हे की, यंत्रे कंपनीची होती, वीजही कंपनीची. ग्राहकाच्या कार्डाला अजून कोणी हात लावला नव्हता.

१०/
२०१० मध्ये ग्रीसमधील संशोधक योर्गोस वासिलियादिस आणि सोटिरिस इओअनिदिस यांनी ‘ग्रॅव्हिटी’ नावाचे प्रायोगिक इंजिन मांडले. ‘क्लॅमएव्ही’ या मुक्तस्रोत अँटिव्हायरसमध्ये बदल करून त्यांनी प्राथमिक चाळणीचे काम ग्राफिक्स कार्डाकडे दिले. चाळणीतून उरलेल्या संशयितांची खातरजमा प्रोसेसर करी. केवळ प्रोसेसरवर चालणाऱ्या क्लॅमएव्हीच्या मानाने वेग सुमारे शंभर पटींनी वाढल्याची त्यांची नोंद आहे. कागदावर हा प्रश्न सुटल्यासारखाच होता.

११/
घरच्या संगणकावर मात्र ही क्रांती त्या रूपात आली नाही. कारण वाहतुकीचे होते. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची स्मृती स्वतंत्र असते. तपासायची प्रत्येक फाइल आधी तिकडे वाहून न्यावी लागते आणि निकाल परत आणावा लागतो. गिरणी कितीही वेगवान असली, तरी मूठभर दळणासाठी गावाबाहेर जाणे परवडत नाही. शिवाय खेळ चालू असताना त्याच कार्डावर दुसरे काम लादले, तर चित्र अडखळणार. संशोधन आणि रोजचा वापर यांतील हे अंतर पुष्कळदा विसरले जाते.

१२/
त्याच २०१० साली याच संशोधकांनी आणखी एका सहकाऱ्यासह नाण्याची दुसरी बाजूही दाखवली. घातक प्रोग्रॅमला ग्राफिक्स कार्डाचा आधार घेऊन अँटिव्हायरसच्या नजरेआड लपता येते, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. म्हणजे एकच आवार पहारेकऱ्यालाही हवे आणि चोरालाही. यापुढे ‘ग्राफिक्स कार्डावर नजर ठेवणे’ हाही अँटिव्हायरसच्या कर्तव्याचा भाग ठरला. आज कार्डाच्या रकान्यात अँटिव्हायरसचे नाव दिसले, तर दचकण्यापूर्वी ही पार्श्वभूमी ध्यानात असावी.

१३/
वाहतुकीचा प्रश्न सुटला तो प्रोसेसरमध्येच अंगभूत असलेल्या ग्राफिक्समुळे. तिची स्मृती प्रोसेसरशी सामाईक असते, ओझे वाहावे लागत नाही. एप्रिल २०१८ मध्ये इंटेलने स्मृतीची तपासणी या अंगभूत ग्राफिक्सकडे सोपवणारे तंत्र जाहीर केले आणि मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरच्या व्यावसायिक आवृत्तीने ते स्वीकारण्याचे ठरवले. इंटेलच्या चाचण्यांत तपासणीचा प्रोसेसरवरचा भार २० टक्क्यांवरून २ टक्क्यांपर्यंत उतरला. येथे ग्राफिक्सचा आकडा वाढणे हा बिघाड नव्हे. दुसऱ्या खांद्यावर दिलेले ओझे आहे. विश्रांती कोणाला मिळाली, हे न पाहता केवळ ओझे कोणाकडे आहे यावर दोष ठेवणे अन्यायाचे.

१४/
या कथेचा दुसरा प्रवाह ‘रिकाम्या यंत्राचा’ आहे. मे १९९९ मध्ये बर्कलीहून ‘सेटी ॲट होम’ सुरू झाले. परग्रहावरील संकेतांच्या शोधासाठी सामान्य लोकांनी आपल्या संगणकाचा फावला वेळ दान केला. ‘फोल्डिंग ॲट होम’ने प्रथिनांच्या अभ्यासासाठी २००६ पासून ग्राफिक्स कार्डेही कामाला लावली. तेथेही पंखे घोंघावत, वीजबिल वाढे. परंतु कोणी तक्रार केली नाही. काम कशासाठी चालले आहे हे दात्याला ठाऊक होते आणि थांबवण्याचा अधिकार त्याच्या हाती होता. श्रमदान आणि वेठबिगार यांत घाम सारखाच गळतो, फरक संमतीचा.

१५/
मग फावल्या वेळेला भाव आला. २०१० पासून बिटकॉइनचे मायनिंग ग्राफिक्स कार्डांवर होऊ लागले आणि रिकामे कार्ड म्हणजे पडीक जमीन न राहता नाण्यांची टांकसाळ झाली. एप्रिल २०१३ मध्ये ‘ईएसईए’ या ई-स्पोर्ट्स संस्थेचे खेळाडू तक्रार करू लागले की, खेळ बंद असतानाही कार्ड तापते आहे. संस्थेचा जो प्रोग्रॅम खेळातील लबाडी रोखण्यासाठी प्रत्येकाच्या संगणकात बसवलेला होता, त्यातच बिटकॉइनचे मायनिंग दडवलेले निघाले. लबाडी पकडणाऱ्याच्या पोटातच लबाडी.

१६/
चाचणीसाठी लिहिलेला कोड एका कर्मचाऱ्याने स्वतःच्या लाभासाठी वापरला, असे संस्थेने सांगितले. न्यू जर्सी राज्याच्या म्हणण्यानुसार सुमारे १४,००० संगणक यात गुंतले होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये १० लाख डॉलरची तडजोड झाली. आणि कमाई? सुमारे ३,७०० डॉलर. हा ताळेबंद प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत लिहून ठेवावा. विश्वासाची किंमत मोजणारा हिशेबनीस नसतो, म्हणून तो इतका स्वस्तात विकला जातो. येथे आणखी एक गोष्ट ठळक होते. हा प्रकार उघडकीस आणला तो कोणत्याही तज्ज्ञ समितीने नव्हे. आपल्या यंत्राचे तापमान पाहणाऱ्या सामान्य खेळाडूंनी.

१७/
सप्टेंबर २०१७ मध्ये ‘कॉइनहाइव्ह’ आले. संकेतस्थळ पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्येच ‘मोनेरो’ या चलनाचे मायनिंग करणारा हा कोड मार्च २०१९ मध्ये बंद पडेपर्यंत कुप्रसिद्ध झाला. अँटिव्हायरस कंपन्यांनी त्याविरुद्ध आघाडी उघडली. परवानगीवाचून दुसऱ्याची यंत्रशक्ती वापरणे ही चोरी आहे, असा न्याय या काळात रूढ झाला आणि त्याला ‘क्रिप्टोजॅकिंग’ हे नावही मिळाले. अँटिव्हायरस उद्योगाने हा न्याय स्वतःच जगाला शिकवला होता, हे पुढील घटना वाचताना विसरू नये.

१८/
जुलै २०२१ च्या सुमारास ‘नॉर्टन ३६०’ मध्ये ‘नॉर्टन क्रिप्टो’ हे अंग सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचू लागले. संगणक रिकामा असताना ग्राफिक्स कार्डावर इथेरियमचे मायनिंग करायचे, मिळकतीतील १५ टक्के कंपनीने ठेवायचे, उरलेले ग्राहकाला द्यायचे. त्यासाठी किमान ६ जीबी स्मृतीचे कार्ड लागे. कंपनीचे समर्थन असे की, हौशी लोक मायनिंगसाठी अँटिव्हायरस बंद करून अनोळखी प्रोग्रॅम चालवतात. त्यापेक्षा ते सुरक्षित छताखाली झालेले बरे. युक्तिवाद सर्वस्वी पोकळ नव्हता. दारू घरी पिण्यास मुभा द्यावी म्हणजे मुलगा गुत्त्यावर जाणार नाही, या जातीचा तो होता.

१९/
जानेवारी २०२२ मध्ये वादळ उठले. मायनिंगचा प्रोग्रॅम मुख्य उत्पादनाबरोबरच संगणकात उतरतो आणि तो काढून टाकणे सोपे नाही, असे लोकांच्या लक्षात आले. ग्राहकाने होकार दिल्याशिवाय मायनिंग सुरू होत नाही, असे कंपनीने स्पष्ट केले; ते खरेही होते. परंतु ती फाइल पुसायची तर अँटिव्हायरसचे ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ हे कवच काही काळ उतरवावे लागे. घुसखोराने अँटिव्हायरस बंद पाडू नये म्हणून घडवलेली ढाल आता मालकालाच त्याच्या घरातील वस्तू बाहेर काढू देईना. राखणदाराच्या हातातील कुलपाचा असा उपयोग होणे, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

२०/
येथे न्यायबुद्धी सोडून चालणार नाही. नॉर्टन क्रिप्टो ही ईएसईएसारखी चोरी नव्हती. संमती विचारली जात होती, वाटा आधी सांगितला जात होता. तरीही टीका योग्यच होती. अँटिव्हायरसला संगणकात सर्वोच्च अधिकार दिले जातात ते एकाच कामासाठी. चौकीदाराला घराच्या सर्व किल्ल्या दिल्या म्हणून त्याने अंगणात भागीदारीचा धंदा थाटावा, हे त्या विश्वासाशी विसंगत आहे. शिवाय वीजबिल आणि कार्डाची झीज ग्राहकाची, वाटा मात्र कंपनीचाही. संमती ही नैतिकतेची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

२१/
शेवट बाहेरूनच झाला. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली व्यवस्था बदलली आणि मायनिंगची गरजच संपली. नॉर्टन क्रिप्टोही गुंडाळले गेले. म्हणजे उद्योगाने आत्मपरीक्षण करून हा मार्ग सोडला, असे म्हणता येत नाही. पायाखालची जमीनच सरकली. उत्तर न मिळता मिटलेले वाद इतिहासात पुन्हा डोके वर काढतात. उद्या रिकाम्या कार्डाला दुसरा एखादा भाव आला, तर हाच प्रश्न नव्या नावाने उभा राहील.

२२/
आता वर्तमानाकडे. आज अँटिव्हायरसच्या नावापुढे ग्राफिक्सचा आकडा वाढलेला दिसला, तर बहुधा कारण फार साधे असते. विंडोज व्हिस्टापासून पडद्यावरच्या खिडक्या ग्राफिक्स चिपच रंगवते. अनेक प्रोग्रॅमांचे दर्शनी रूप आता ब्राउझरच्याच तंत्रावर बांधलेले असते. त्यातील फिरती चक्रे आणि हलती चिन्हे कार्डाला सतत जागे ठेवतात. आणखी एक बारकावा असा की, टक्केवारी ही कार्ड किती वेळ कामात होते हे सांगते. विसाव्यात वेग उतरवलेल्या कार्डाला किरकोळ कामही जड जाते आणि आकडा मोठा दिसतो. पंगू साक्षीदाराला वाट लांबच वाटणार.

२३/
म्हणून साधनचिकित्सा हवी. वा. सी. बेंद्रे यांचे नाव येथे सहज आठवते. शिवरायांचे म्हणून प्रचलित असलेले चित्र इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच माणसाचे आहे, हे त्यांनी दाखवून दिले आणि अस्सल चित्र पुढे आणले. चित्राखाली लिहिलेले नाव हा पुरावा नव्हे. तसेच टास्क मॅनेजरमधील नाव हाही पुरावा नव्हे. मायनिंग करणारे घातक प्रोग्रॅम नामांकित उत्पादनाची नावे धारण करतात. काही तर टास्क मॅनेजर उघडताच काम थांबवतात आणि तो मिटताच पुन्हा सुरू करतात.

२४/
पहिले काम बहिरंग परीक्षणाचे. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१७ च्या आवृत्तीपासून टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सचा रकाना आहे. नोंद घ्यावी ती अशी :
• भार कोणत्या विभागावर आहे : थ्रीडी, कॉपी, व्हिडिओ की गणना? थ्रीडीवरचा भार बहुधा दर्शनी रूपाकडे बोट दाखवतो. गणनेवरचा सततचा भार अधिक विचार करायला लावतो.
• तो केव्हा वाढतो : खिडकी उघडी असताना, नियोजित तपासणीच्या वेळी की यंत्र रिकामे असताना?
• फाइल कोणत्या फोल्डरात आहे आणि तिच्यावर कंपनीची डिजिटल सही आहे काय? सही नसेल किंवा फाइल भलत्याच जागी असेल, तर प्रश्न अँटिव्हायरसच्या भुकेचा नसून तोतयाचा आहे.

२५/
दुसरे काम अंतरंग परीक्षणाचे; त्याचा नियम एकच : एका वेळी एकच बदल.
• प्रथम अँटिव्हायरसची खिडकी मिटावी. भार उतरला, तर दोष दर्शनी रूपाचा.
• हार्डवेअर ॲक्सिलरेशन किंवा ॲनिमेशन बंद करण्याची सोय असेल, तर ती वापरावी.
• दोन ग्राफिक्स चिपा असलेल्या लॅपटॉपवर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधील ग्राफिक्स विभागात त्या प्रोग्रॅमला वीजबचतीची चिप नेमून द्यावी.
• अँटिव्हायरस आणि ग्राफिक्स ड्रायव्हर दोन्ही अद्ययावत करावेत, परंतु वेगवेगळ्या दिवशी.
• दोन अँटिव्हायरस एकाच वेळी जागता पहारा देत असतील, तर एक काढावा.
• प्रत्येक बदलानंतरचा आकडा वेळेसह लिहावा. न लिहिलेले निरीक्षण ही केवळ दंतकथा.

२६/
तिसरे काम दुसऱ्या साक्षीचे. एका बखरीवर विसंबून इतिहास लिहीत नाहीत. मायक्रोसॉफ्टचेच ‘प्रोसेस एक्सप्लोरर’, कार्ड बनवणाऱ्या कंपनीची साधने आणि अँटिव्हायरसमधील तपासणीची नोंदवही या तिन्ही साक्षी जुळतात का, ते पाहावे. तपासणी रात्री दोनला सुरू झाली आणि भारही दोनलाच वाढला, तर उलगडा झाला. वेळापत्रक बदलले की काम भागले. साक्षी जुळत नसतील, तर संशय कायम ठेवावा. दुसऱ्या विश्वासू तपासणी-साधनाने, शक्य तर संगणक सुरू होण्यापूर्वी चालणाऱ्या तपासणीने, खातरजमा करावी.

२७/
सर्वांत वाईट उपाय तोच सर्वांत लोकप्रिय आहे : अँटिव्हायरस उपटून फेकणे किंवा खेळाचे संपूर्ण फोल्डर तपासणीतून वगळणे. खेळाच्या चोरट्या प्रती आणि फसवी ‘क्रॅक’ यांतूनच मायनिंगचे घातक प्रोग्रॅम पुष्कळदा येतात. म्हणजे दहा टक्के भाराच्या रागापोटी शंभर टक्के भाराला आमंत्रण. अँटिव्हायरस बदलायचाच असेल, तर जुना कंपनीच्या अधिकृत साधनाने पूर्ण काढावा आणि विंडोजचे स्वतःचे डिफेंडर जागे झाले आहे, याची खात्री करून घ्यावी. पहारेकरी बदलता येतो. दार उघडे टाकता येत नाही.

२८/
परंतु सारा भार वापरणाऱ्याच्याच शहाणपणावर टाकणे हाही अन्याय आहे. या इतिहासातून कंपन्यांपुढे तीन मागण्या उभ्या राहतात. ग्राफिक्स कार्ड कशासाठी वापरले जाते, हे साध्या भाषेत आणि त्याच खिडकीत दिसावे. तो वापर बंद करण्याची कळ एकच असावी आणि तिच्यामुळे मूळ संरक्षण उतरू नये. आणि संरक्षणाशी संबंध नसलेले कोणतेही अंग मागितल्याशिवाय यंत्रात उतरवू नये. यांतील एकही मागणी तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अडचण असेल तर ती इच्छेची आहे.

२९/
ब्रेनच्या बंधूंनी निदान आपला पत्ता लिहून ठेवला होता. पुढच्या काळात राखणदार अधिक सामर्थ्यवान झाले आणि त्यांचे पत्ते अधिक अस्पष्ट. ईएसईएचे खेळाडू असोत की नॉर्टनचे ग्राहक, दोन्ही वेळी प्रश्न विचारला गेला तो कोणीतरी आपल्या यंत्राकडे डोळे उघडे ठेवून पाहत होते म्हणूनच. कुंपण हवेच; कुंपणाशिवाय शेत राहत नाही. पण अधूनमधून कुंपणाच्या कडेने एक फेरी मारणे, हे शेताच्या मालकाचेच काम आहे. ते काम त्याने कोणत्याही सॉफ्टवेअरवर सोपवू नये.

(धागा समाप्त)